आईला लागतं

"आई, डोळे मिटायचे नाहीत. समोर बघ. क्षितिजाकडे बघायचं."

"समोर देसाईंच्या गच्चीवर गोधड्या वाळत घातल्यात."

"मग त्या गोधड्या म्हणजे क्षितिज. बघत राहा."

आणि मी ती चक्री गरागरा फिरवली. आमच्या सोसायटीत पोरांसाठी होती ना ती, लोखंडी, लाल रंगाची, मध्ये दांडा आणि भोवती बसायच्या पट्ट्या, तीच. चिपळुणात अजून नीट उजाडलंही नव्हतं, पोरं यायच्या आत उरकायचं म्हणून मी आईला गाऊनवर ओढणी घेऊन खाली आणलेलं, आणि आई त्या चक्रीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. दोन फेऱ्या झाल्या असतील नसतील, तिने तोंडावर हात धरला.

"थांबव गं केतू. मळमळतंय."

"आई, अजून सुरुवात पण नाही झाली!"

"थांबव म्हणते ना."

थांबवली. मीच जाऊन पायरीवर बसले. म्हणजे फिरत होती ती आणि दमले होते मी. रोज हेच चाललं होतं.

थांबा, तुम्हाला मुळातून सांगते, नाहीतर वाटेल ही काय आईला चक्रीवर बसवते! मी तेव्हा फर्स्ट इयरला. आमची आत्या, डोंबिवलीची, बाबांची मोठी बहीण, ती साठ वर्षांची होणार होती, आणि तिचा मस्कतचा मुलगा श्रीरंगदादा, त्याने ठरवलं की सगळ्या कुटुंबाला क्रूझवर न्यायचं. मुंबईहून निघायचं, समुद्रात राहायचं, गोव्याला जाऊन परत यायचं. दिवाळी झाली की लगेच. आता आमच्याकडे कुठेही जायचं म्हटलं की एक वाक्य ठरलेलं, कोणीही म्हणायचं, बाबा, आत्या, मी पण, की आईला लागतं. गाडी लागते, एसटी लागते, घाट लागतो. म्हणून आई येत नाही. कोल्हापूरला आली नाही, अष्टविनायकाला आली नाही, श्रीरंगदादाच्या साखरपुड्याला नागपूरला आली नाही. आम्ही निघायचो, ती दारात उभी राहून हात करायची, डबा द्यायची, आणि आम्ही वाटेत तो डबा खाताना म्हणायचो, बिचारी.

मला ना, या वेळी ती यायला हवी होती. बस. दुसरं काही नाही. मी मोठी झाले होते, मैत्रिणी आपापल्या आयांबरोबर कुठे कुठे जायच्या, आणि माझी आई मला नेहमी दारातच दिसायची. मी ठरवलं, हिला मी तयार करणार.

मग काय, मोबाईलवर जे जे मिळेल ते बघितलं. सकाळी चक्री. मग अनशापोटी आल्याचा रस. मनगटावर अमुक ठिकाणी दाबायचं, ते मी ती पोळ्या लाटताना मागून जाऊन दाबायचे. आवळासुपारी. सुंठ. डॉक्टरांकडून गोळी आणली, ती आधी चाचणी म्हणून घरीच दिली, तर आई त्या दिवशी बालवाडीतच झोपून गेली. आई बालवाडीत शिकवते ना. पोरं म्हणे तिच्या अंगावर ठोकळे रचत होती.

आणि प्रत्येक वेळी शेवटी काय, तर "मळमळतंय गं." 

खरं सांगू का, तिच्यापेक्षा माझीच वाट लागली होती. मला रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या डोळ्यांसमोर यायचं की मोठं जहाज आहे, सगळे नटूनथटून जेवायला बसलेत, आणि आईला एकदम उलटी झाली, आणि आत्या म्हणतेय, तरी मी म्हटलं होतं. बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले, "अगं, तिचं पोटच नाजूक आहे. जाऊ दे ना. राहील ती घरी नेहमीसारखी." नेहमीसारखी! मला इतका राग आला ना त्या शब्दाचा.

मग एका रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. स्पीकरवर. आई तिथेच मटार सोलत होती.

"केतू, मला आज नावं द्यायची आहेत गं त्या लोकांना. तुझ्या आईचं नाव घालू की नको? एकदा घातलं की घातलं. आणि शुभाला म्हणावं, तू ये म्हणजे येच. पोरं तुझ्या हातचं खातात."

पोरं म्हणजे दादाची दोन. एक पहिलीत जाणारं आणि एक नुकतं बोलायला लागलेलं. 

"आत्या, आज संध्याकाळपर्यंत सांगू? आम्ही आज ट्रायल घेतोय."

"कसली ट्रायल?"

खरं तर तोपर्यंत काही ठरलंच नव्हतं, ते तोंडातूनच आलं. "धोपाव्याला जातोय. फेरीबोटीने दाभोळला जायचं आणि परत यायचं. तिथे नाही लागली तर क्रूझवर पण नाही लागणार."

"अगं बाई, हुशार आहेस! मी करते मग दुपारी फोन. मला रिपोर्ट पाहिजे."

फोन ठेवला. आईने मटाराची शेंग हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"आज?"

"आज."

"रविवारी जरा पडले असते मी, केतू."

"बोटीवर पड. चल ना. माझ्यासाठी."

ती उठली. मटार तसेच फ्रिजमध्ये ठेवले आणि साडी नको, ड्रेसच बरा म्हणून बदलायला गेली. हे असंच होतं तिचं. नाही म्हणायची नाही कधी. 

बाबांनी गाडी काढली. मागे मी आणि आई, मध्ये पिशव्या, लिंबू, पाण्याची बाटली, टॉवेल. गुहागरचा रस्ता म्हणजे वळणंच वळणं. मी आईकडे बघत बसले. एका वळणावर ती डोळे मिटून घ्यायची, दुसऱ्यावर खिडकीतून डोकं बाहेर. मी तिच्या नाकाशी लिंबू धरायचे, पाठ चोळायचे, "होतंय का गं? काही होतंय का?" असं सारखं. बाबा आरशातून बघायचे आणि गाडी इतकी हळू चालवायचे की मागून एसटीने हॉर्न मारून मारून आम्हाला ओलांडलं. शृंगारतळीला चहा प्यायला थांबलो तर आई चहा नको म्हणाली, आणि मी मात्र घाबरून घाबरून भूक लागली म्हणून दोन वडापाव खाल्ले. लक्षात ठेवा हं, दोन. वर तो गोड चहा.

धोपाव्याला पोचलो. ऊन रणरणत होतं आणि वारा सुटला होता. फेरीबोट येऊन उभीच होती. बाबांनी गाडी चढवली, पुढच्या एका टेम्पोच्या मागे लावली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली आणि म्हणाले, "मी खाली उतरणार नाही. गाडी घरंगळली तर?"

"बाबा, इतक्या गाड्या आहेत, कोणाची घरंगळलीय?"

"त्यांची त्यांना माहीत. तू जा आईला घेऊन. कडेला उभ्या राहा. मोकळी हवा बरी."

मी आईचा हात धरून तिला कठड्याशी नेलं. पिशवी उघडून तयार ठेवली. बोट सुटली. आणि मी मोबाईल काढला, म्हटलं आत्याला व्हिडिओ पाठवू, आई बोटीवर उभी आहे, काही होत नाहीये. मी तिच्याकडे कॅमेरा धरला, स्क्रीनमध्ये बघतेय, आई मागे, पाणी मागे, आणि ते पाणी वर गेलं. मग खाली गेलं. मग परत वर. डिझेलचा वास आला. खाडीच्या तोंडाशी समुद्राची लाट आत येते ना, तिथे बोट जराशी आडवी झाली, आणि माझ्या कपाळावर घाम फुटला. मला वाटलं उन्हाने. मग तोंडात पाणी सुटलं.

"केतू? अगं केतू!"

मी जी वाकले ना कठड्यावरून! दोन्ही वडापाव, चहा, सकाळचा आल्याचा रस. तो रस मी पण प्यायचे आईला सोबत म्हणून. सगळं वाशिष्ठीच्या खाडीला अर्पण. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पायांत जीव नाही. आईने मला मागून घट्ट धरलेलं, पाठीवरून हात फिरवत होती, "होऊ दे, होऊ दे, सगळं पडू दे." मी जरा दम घ्यायला मान वर केली, आणि माझ्या कानाशी आवाज आला.

कुडुम.

मग परत, कुडुम कुडुम.

मी वळून बघितलं. आई एका हाताने माझी पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने खारे शेंगदाणे खात होती. बोट अशी हलतेय की बाजूच्या माणसाने खांब धरलाय, आणि ही बाई काहीही न धरता, दोन पाय फाकवून, शेंगदाणे तोंडात टाकतेय.

"आई."

"पाणी घे. चूळ भर."

"आई, तुला मळमळत नाहीये?"

तिचं तोंड चावायचं थांबलं. शेंगदाण्याचा कागद तिने मुठीत धरला, जसं बालवाडीतल्या पोराने काही लपवावं तसा.

"आहे ना, थोडं," ती म्हणाली.

"खोटं."

तिने मागे वळून गाडीकडे बघितलं. बाबा काचा वर करून, समोरच्या टेम्पोवर नजर लावून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते, जणू तेच बोट चालवत होते.

"आई, तुला लागतच नाही?"

"हळू बोल."

"कधीच नाही?"

"एकदा लागली होती," ती म्हणाली. "लग्नानंतर सगळे मिळून महाबळेश्वरला गेलो होतो. तुझे आजी-आजोबा, आत्या, तिची माणसं, आम्ही. घाटात मला खूप झालं. तू होतीस पोटात, पण ते नंतर कळलं. मग सगळे पॉइंट बघायला गेले आणि मला लॉजवर ठेवलं. झोपून राहा म्हणाले." ती थांबली. बोट वर गेली, ती सहज बोटीबरोबर वर गेली. "मी झोपले गं. दुपारची. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. कोणी चहा मागितला नाही, कोणी दार वाजवलं नाही. संध्याकाळी उठले तर मला कळेना मी कुठे आहे, कोणाच्या घरात आहे, इतकी झोप. उठून खिडकीशी बसले, आणि वाटलं, हे लोक अजून थोडा वेळ नको यायला."

"मग?"

"मग काय. पुढच्या वेळी कुठेतरी जायचं निघालं तेव्हा तुझ्या आत्याच म्हणाल्या, शुभाला लागतं, तिला कशाला दगदग. मी काही बोललेच नाही. नुसतं हो म्हटलं."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

मला परत उमासा आला. तिने डोकं धरलं माझं. पोटात काही उरलंच नव्हतं, नुसतं पित्त. मी रडत होते की काय ते मलाच कळत नव्हतं, सगळं एकच झालं होतं.

"आणि चक्री?" मी म्हटलं. "आल्याचा रस? मी रोज पहाटे उठत होते आई! मला झोप नाही लागत, माहितीये तुला?"

"माहितीये. तुझ्या खोलीत दिवा दिसतो."

"मग सांगायचं ना!"

"सांगणार होते. तू इतकी पाठी लागलीस, मला वाटलं जाऊ या वेळी पोरीसाठी. खरंच वाटलं. म्हणून तर त्या चक्रीवर बसत होते. मळमळतंय हे नुसतं सवयीने तोंडात यायचं." ओढणीच्या टोकाने तिने माझं तोंड पुसलं. "मग परवा ताईंचा, तुझ्या आत्यांचाच, फोन आला. म्हणाल्या, आपल्या केबिनमध्ये पोरांचे बेड लावून घेतलेत. शुभा, तू असलीस म्हणजे सुनेला जरा मोकळं वाटेल, चार दिवस तिला पण कुठे मिळतात. आणि भाजणी आण म्हणाल्या. बोटीवरचं पोरांना बाधेल म्हणून."

"बोटीवर भाजणी?"

"हो."

"तू नाही म्हण ना त्यांना! सरळ सांग, मला नाही यायचं."

"आणि कारण काय सांगू? मला झोपायचंय? मला चार दिवस घरात एकटीला बसायचंय? असं सांगते का कोणी?" ती चिडून नव्हती बोलत. चिडणं तिच्याकडे शिल्लकच नव्हतं. "लोक काय म्हणतील ते सोड, तुझ्या बाबांना किती वाईट वाटेल. आमचा कंटाळा आला का म्हणतील. लागतं म्हटलं की कोणाला काही वाटत नाही. उलट वाईट वाटतं बिचारीचं."

"आणि मला? मला तू हवी आहेस बरोबर, त्याचं काय?"

ती कठड्याबाहेर बघायला लागली. दाभोळचा धक्का जवळ यायला लागला होता, घरं दिसत होती, माशांची जाळी पसरलेली दिसत होती.

"तू म्हणालीस तर येईन," ती म्हणाली. "खरंच येईन केतू. नाव घाल म्हण माझं. तू इतकं केलंस."

आणि ती ते मनापासून म्हणत होती हो! तेच तर. मला हवं होतं ते अगदी माझ्या हातात दिलं होतं तिने. नुसतं घाल म्हणायचं होतं मला. मी तिच्याकडे बघितलं. उन्हात, वाऱ्यात, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. हे काळं मी रोज बघत होते, पण ते मला तिच्या नाकाडोळ्यांसारखंच वाटायचं, चेहऱ्याबरोबर आलेलं.

आणि तेवढ्यात खिशात फोन वाजला. आत्या.

मी उचलला. रेंज तुटक तुटक, इंजिनाचा आवाज, खलाशी ओरडतायत, दोर फेकतायत, टेम्पोवाल्याने गाडी चालू केली.

"हॅलो, आत्या!"

"केतू! अगं काय ते... लागली का बोट?"

आणि बरोब्बर त्याच क्षणी ती पुढची, गाड्या चढवायची लोखंडी फळी धाडकन धक्क्यावर आदळली. सगळी बोट हलली. आत्या काय विचारत होती, दाभोळला पोचलात का, की आईला झालं का, ते मला आजही माहीत नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. फोनमधलं तिला ऐकू येत होतं.

"लागली," मी म्हटलं.

"काय?"

"बोट लागली, आत्या! लागली!"

"अरे देवा. वाटलंच मला. एवढ्याशा खाडीत लागली म्हणजे समुद्रात काय होईल तिचं. राहू दे हो, राहू दे तिला घरी, जिवापेक्षा जास्त आहे का. मी नाव काढते. आणि हे बघ, पोरं मग तुझ्याजवळ झोपतील, चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आईने मान खाली घालून, तो शेंगदाण्यांचा कागद उघडला, त्यात उरलेले दोन-चार होते ते माझ्या तळहातावर ठेवले. मी म्हटलं, "आई, मला आत्ता उलटी झालीये." तेव्हा ती हसायला लागली. आणि मग घाईने तोंडावर हात धरला, कारण बाबा काच खाली करून ओरडत होते, "काय झालं? झाली का तिला?"

"झाली!" मी ओरडले.

"ताईला सांगितलं?"

"सांगितलं! नाव काढलं!"

"बरं केलंस."

दाभोळला आम्ही काही बघितलं नाही. बाबांनी लिंबू सरबत आणलं, ते तिच्या हातात दिलं, तिने तिथेच अर्धं मला पाजलं. बाबा म्हणत होते, चूक माझीच, मी आधीच नको म्हणायला हवं होतं. मग परतीची बोट लागली, बाबांनी गाडी चढवली, आता पुढे काहीच नव्हतं, आमचीच गाडी पहिली.

"शुभा, तू मागे आडवी हो. डोळे मिट," बाबा म्हणाले.

"नको, मला कठड्याशीच बरं वाटतं. इथे गाडीत कोंडल्यासारखं होतंय," आई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता दार उघडून उतरली. "केतू, तू बस बाबांजवळ. तुझं तोंड बघ कसं झालंय."

मी पुढे बाबांशेजारी बसले. काचेतून समोर आई दिसत होती. ती पार पुढे गेली, ती फळी उभी केलेली असते ना, तिच्या बाजूला, जिथे कोणी उभं राहत नाही. बोट सुटली. खाडीच्या तोंडाशी आली आणि ती मघाची लाट आली, मघापेक्षा मोठी, पाण्याचे थेंब उडाले आणि आई ओली झाली. ती मागे सरकली नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून ती पुढे वाकली, ओढणी खांद्यावरून सुटून मागे फडफडत होती, आणि तिचे खांदे गदगदा हलत होते.

बाबांनी स्टिअरिंग सोडलं. "बघ," ते म्हणाले, "बघ किती होतंय तिला. बिचारी. नकोच तिला न्यायला."

"नकोच," मी म्हटलं.

आणि मग मला परत मळमळायला लागलं.